विश्लेषण : मुलांना मराठी समजते, मग बोलता का येत नाही?

घरी मराठी, शाळेत इंग्रजी आणि सोसायटीच्या आवारात हिंदी. अशा वातावरणात मुलांचा गोंधळ उडतो, ही भीती जुनी आहे. अभ्यास मात्र वेगळ्याच अडचणीकडे बोट दाखवतात.

गावाहून आजीचा फोन येतो. 'जेवलास का रे?' नातवाला प्रश्न नीट समजतो. तो उत्तर देतो, 'यस आजी, आय हॅड पास्ता.' आजी सुनेला विचारते, 'काय म्हणतोय गं तो?' पुण्या-मुंबईतल्या अनेक घरांत हा संवाद ओळखीचा आहे. पुढे नातू फोनवर यायला टाळतो आणि 'अभ्यासात असेल' म्हणून आजीही आग्रह सोडते.

दोन भाषांमुळे खरेच गोंधळ होतो का?

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेक संशोधकांना तसे वाटत असे. दोन भाषा बोलणारी मुले बुद्धिमत्ता चाचण्यांत मागे पडतात, असे निष्कर्ष तेव्हा प्रसिद्ध होत. मात्र त्यातील अनेक अभ्यासांत मुलांच्या आर्थिक आणि सामाजिक परिस्थितीतील फरक विचारात घेतलेला नसे. १९६२ मध्ये एलिझाबेथ पील आणि वॉलेस लॅम्बर्ट यांनी माँट्रियलमधील दहा वर्षांच्या मुलांचा अभ्यास केला, तेव्हा समान स्तरातील मुलांची तुलना केली. फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही येणारी मुले मागे नव्हतीच, उलट अनेक चाचण्यांत पुढे होती.

भारतात अजित मोहंती यांनी ओडिशातील कोंध मुलांवर केलेल्या अभ्यासांतही कुई आणि ओडिया या दोन्ही भाषा येणारी मुले सरस ठरली. दोन भाषांमुळे बुद्धीला किती फायदा होतो, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. नुकसान होते, हा जुना समज मात्र टिकलेला नाही.

मग मुले भाषांची सरमिसळ का करतात?

'आई, बॉल टेबलखाली गेला' किंवा 'माझ्या शूजची लेस सुटली' ही वाक्ये नीट ऐकावीत. नामे इंग्रजी असली तरी 'टेबलखाली' आणि 'शूजची' ही जोडणी अस्सल मराठी आहे. मूल चटकन आठवलेला शब्द वापरते, पण वाक्य मराठी नियमांनी बांधते. शिवाय 'मीटिंग संपली की कॉल करतो' असे बोलणारे वडील त्याच घरात असतात.

काळजी करायची तर ती दुसऱ्या गोष्टींची. 'घोड्यावर'ऐवजी 'घोडावर', 'ती वही'ऐवजी 'तो वही', आजोबांना 'तू ये' म्हणणे, 'एकोणसत्तर' ऐकून 'म्हणजे सिक्स्टी नाइन का?' असे विचारणे. लिंग, सामान्यरूप, आदरार्थी बोलणे आणि अंकांची नावे पुन्हा पुन्हा ऐकून आणि वापरूनच रुळतात. तिथे मूल अडखळत असेल, तर त्याच्या कानावर मराठी कमी पडते आहे असे समजावे.

मूल उशिरा बोलले तर एक भाषा बंद करावी का?

'घरात एकच भाषा बोला' असा सल्ला पालकांना आजही मिळतो. अनेकदा बंद होते ती मराठी. परंतु दोन भाषा हे बोलण्यातील विलंबाचे कारण नसते. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलाचा एकेका भाषेतील शब्दसाठा कमी दिसू शकतो. तो मोजताना दोन्ही भाषांतील शब्द धरावे लागतात. मूल 'पाणी' मराठीत आणि 'शूज' इंग्रजीत म्हणत असेल, तर त्याला दोन शब्द येतात.

खरी समस्या असेल तर ती दोन्ही भाषांत दिसते. दोन वर्षांचे मूल 'दूध दे', 'बाबा आले' असे दोन शब्द जोडत नसेल, किंवा हाक मारल्यावर वळून पाहत नसेल, तर श्रवणचाचणी करून वाक्-उपचारतज्ज्ञांना दाखवावे. मराठी बंद करून बघू, म्हणत थांबण्यात मोलाचे महिने जातात.

मराठीच मागे का पडते?

बेल्जियममधील फ्लँडर्स या डच भाषक प्रदेशातील १,८९९ कुटुंबांची माहिती भाषाशास्त्रज्ञ आनिक डी हाउवर यांनी गोळा केली. निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. या घरांत डचखेरीज आणखी एक भाषा बोलली जात होती. तरीही जवळपास एक चतुर्थांश मुले ती दुसरी भाषा बोलत नव्हती. डच मात्र सगळीच मुले बोलत. शाळेची आणि रस्त्यावरची भाषा मुलांना मिळतेच, घरची भाषा मात्र पालकांनी जपावी लागते.

तिकडे घरची भाषा अल्पसंख्य होती. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी ही सुमारे ८.३ कोटी लोकांची मातृभाषा आहे. पण मुलाचे जग म्हणजे वर्ग, मित्र, कार्टून आणि खेळ. या जगात मराठीची गरज पडत नसेल, तर कोट्यवधी भाषक असूनही त्याच्यापुरती ती अल्पसंख्यच. आईबाबांना इंग्रजी समजते, हेही त्याला लवकर कळते. उत्तर इंग्रजीत देऊन काम होत असेल, तर ते मराठीत का बोलेल?

आई आणि वडिलांची मातृभाषा वेगळी असेल तर?

आई मल्याळी, वडील मराठी अशा घरांना 'एक व्यक्ती, एक भाषा' हे सूत्र सुचवले जाते. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ ज्यूल रोंजा यांनी आपल्या मुलाला याच पद्धतीने फ्रेंच आणि जर्मन शिकवले आणि १९१३ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. हे सूत्र उपयोगी आहे, पण हमखास नाही. फ्लँडर्समध्ये अशा घरांतील सुमारे तीन चतुर्थांश मुले दोन्ही भाषा बोलत होती. वडील रात्री नऊला घरी येत असतील, तर केवळ सूत्र पाळून मराठी येणार नाही. तिथे आजी-आजोबा, आत्या, चुलत भावंडे यांची जोड लागते.

शाळेतील सक्ती पुरेशी आहे का?

महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी शिकवणे बंधनकारक झाले. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिक्षणाचा आग्रह धरला. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला. यातून भाषेचा मान वाढतो आणि मुलांना वाचता-लिहिता येते. पण मराठीच्या तासाला धडा वाचणारे मूल मधल्या सुट्टीत कोणत्या भाषेत भांडते, हे कायद्याने ठरत नाही.

पालकांना काय करता येईल?

पहिली गोष्ट, पडद्यावर विसंबू नये. पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नऊ महिन्यांची अमेरिकी बाळे समोर बसलेल्या माणसाकडून मँडरिनचे ध्वनी ओळखायला शिकली. तेच चित्रफितीतून दाखवले, तेव्हा शिकली नाहीत. मराठी बालगीते मोबाइलवर लावून देणे हा माणसाशी बोलण्याला पर्याय नाही.

दुसरे, मूल इंग्रजीत बोलले तर रागावू नये. 'आय वॉन्ट वॉटर' म्हटल्यावर 'पाणी हवंय? गार की साधं?' असे विचारावे. म्हणजे पुढचा शब्द मराठीत येण्याची शक्यता वाढते. तिसरे, 'घोडावर' ऐकून पाहुण्यांसमोर हसू नये. एकदा फजिती झालेले मूल त्यानंतर मराठीत तोंड उघडत नाही.

चौथे, वाचून दाखवावे. बालभारतीचे १९७१ पासून निघणारे 'किशोर' मासिक, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे असे साहित्य हाताशी आहे. झोपण्यापूर्वीची पंधरा मिनिटेही पुरतात, पण ती रोज हवीत.

आणि आजीचा फोन? 'आजीशी बोल' म्हटले की मूल 'हो', 'नाही' म्हणून फोन परत देते. त्याऐवजी त्याला काम द्यावे. बेसनाचा लाडू वळताना मोडतो, काय करायचे ते विचार. बाबा लहानपणी झाडावरून कसे पडले, ते विचार. ही उत्तरे इंटरनेटवर नाहीत, शाळेत नाहीत. ती आजीकडे आहेत, आणि मराठीत आहेत.