मोजून वाढविलेल्या शृंखला

आमच्या कुंभकोणमला नुकत्याच झालेल्या एका व्याख्यानात वनस्पतिजन्य बहुवारिकांचा, म्हणजे ज्यांना आता सर्रास पॉलिमर म्हणतात त्यांचा, सारा इतिहास वक्त्याने मक्याच्या पिष्टापासून केलेल्या पिशवीपाशी आणून संपविला आणि श्रोतृवृंदाने टाळ्यांचा कडकडाट केला. ज्या विद्येत माझी उमेदीची वर्षे गेली तिची वासलात इतक्या स्वस्तात लागलेली पाहून जो विषाद वाटला, त्यातून हे टिपण उतरले आहे; ते निःपक्षपाती असल्याचा माझा दावा नाही.

आरंभीच्या कालखंडाविषयी मला ममत्व नाही. १९२० मध्ये हेर्मान श्टाउडिंगर यांनी रबरासारखे पदार्थ म्हणजे दीर्घ शृंखलेचे महारेणू होत असे प्रतिपादिले, विद्वज्जनांनी त्यांचा यथास्थित उपहास केला, आणि पुढे नायलॉन-पॉलिथिनच्या टनावारी उत्पादनाची कंटाळवाणी दशके आली. त्यांत १९५६ हे एकच साल मला मोलाचे वाटते; त्या साली मायकेल श्वार्त्स यांनी अकाली खुंटून न जाता कच्चा माल संपेपर्यंत वाढत राहणाऱ्या शृंखला सिद्ध केल्या. पंगतीला सर्वांनी एकदम बसावे, प्रत्येकाला सारखे वाढले जावे आणि अर्ध्यावर कोणी उठू नये, तसा तो प्रकार. त्यामुळे शृंखलांची लांबी जवळजवळ समान येते आणि मागाहून निराळे द्रव्य घालून त्यांचा उत्तरार्ध निराळ्या जातीचा करता येतो. पूर्वार्ध जलप्रेमी आणि उत्तरार्ध जलद्वेषी असला, की अशा शृंखला पाण्यात आपण होऊन एकत्र येतात, आणि दोन खंडांच्या प्रमाणानुसार कधी गोलक, कधी दंड, तर कधी पोकळ पुटिका रचतात. हे वैविध्य मॉन्ट्रियलच्या आयझेनबर्ग यांनी १९९५ मध्ये दाखविले, आणि त्याच वर्षी पिट्सबर्गच्या मातिआशेव्स्कींनी व क्योतोच्या सावामोतोंनी शृंखलेच्या वाढीवर ताबा ठेवण्याची सुलभ रीत दिली. परंतु हा कारभार बव्हंशी खनिज तेलातून निघालेल्या मालावर चालला होता.

पुढे २००६ नंतरच्या दशकात मी पुण्यास होतो, आणि त्या दशकाविषयी लिहिताना माझी लेखणी आखडती होत नाही. पाषाणच्या रस्त्यावर १९५० पासून उभी असलेली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि २००६ मध्ये तिच्या शेजारी स्थापन झालेली आयसर, या दोन संस्थांत तेव्हा झाडापाल्याच्या मालाला प्रतिष्ठा आली होती. कोकणातल्या, तसेच आमच्याकडच्या पनरुटीच्या काजूच्या टरफलात जे दाहक तेल असते, ज्याने हाताची कातडी सोलवटते आणि ज्याचा उपयोग होड्यांच्या लाकडाला लावण्यापलीकडे वा ब्रेकच्या अस्तरापलीकडे सहसा कोणी मनात आणीत नसे, त्यातल्या कार्डेनॉलला पंधरा कार्बनांची लांब शेपटी असते. तीच शेपटी जडवून रासायनिक प्रयोगशाळेतल्या प्रकाश वडगावकर यांनी कशातही न विरघळणाऱ्या हट्टी बहुवारिकांना द्रावणात उतरविले. आणि शेजारी आयसरमध्ये जयकण्णन यांच्या चमूने ती साखरेपासून जिवाणूंनी घडविलेल्या डेक्स्ट्रानला जोडली, तेव्हा त्याच्या पुटिका पाण्यात स्वयमेव तयार झाल्या, ज्यांच्या पोकळीत एक द्रव्य आणि भिंतीत कर्करोगावरचे दुसरे औषध ठेवून पेशीपर्यंत पोहोचविता येई. सायम सेनगुप्ता यांनी तर शर्करायुक्त अमिनो आम्लांच्या चक्रिल संयुगांपासून ठरविलेल्या लांबीच्या प्रथिनसदृश शृंखला वाढविल्या. ही संयुगे आर्द्रतेची इतकी वैरी, की पुण्याच्या पावसाळ्यात कोरड्या पेटीला सूक्ष्म छिद्र पडले तरी आठवड्याची मेहनत मातीमोल होई. आणि तरीही शृंखलांची लांबी मोजणाऱ्या यंत्रातून समान लांबीची खूण असलेले एकच उंच, अरुंद शिखर कागदावर उतरले, की मंडळी कॅन्टीनमध्ये त्या कागदाची घडी खिशात घालून हिंडत.

थट्टा करणारे तेव्हाही होतेच. वयाने वडील असलेले एक गृहस्थ, ज्यांची स्वतःची हयात दुसऱ्यांच्या पेटंटांची नक्कल उतरविण्यात गेली होती, या कामाला चिमूटभर भुकटीचे रसायनशास्त्र म्हणत. ग्रॅममध्ये मावणारा माल किलोत नेणे दुर्घट होते हे खरे. परंतु ते साधण्यासाठी जी मुदत आणि जो निधी लागतो, तो आम्हाला कोणी दिला? अनुदानाच्या एका दफ्तरातून आमचा खर्डा 'उपयुक्तता स्पष्ट करावी' एवढ्या शेऱ्यानिशी परत आला, आणि त्या उपयुक्ततेचा तगादा पुरा करीपर्यंत हाताखालची मुले औषधी कंपन्यांत चाकरीला लागली. त्यांना मी दोष देत नाही, पगार तिकडे होता.

रेशमाच्या फायब्रॉइन या प्रथिनापासून अस्थिरोपणाची साधने करण्याचा डॉ. अनुया निसळ यांचा पुण्यातला उद्योग, हा त्या परंपरेचा आज जिवंत राहिलेला एक फाटा. इकडे आमच्या शेजारच्या तिरुभुवनम् गावी रेशमाचे माग चालतात. रेशमी सूत रंगविण्यापूर्वी उकळताना कोशाच्या वजनाचा सुमारे पाव हिस्सा सेरिसिन पाण्यात जातो, आणि तेही स्वतःची रचना स्वतः करणारे प्रथिनच आहे, हे त्या व्याख्यात्याच्या गावी नव्हते. १ जानेवारी २०१९ पासून तमिळनाडूत एकवार वापराच्या प्लास्टिकला बंदी झाली, तेव्हापासून निसर्गात विरघळणारी म्हणून जी पिशवी बाजारात मिरविते, ती मक्याच्या पिष्टातून केलेल्या पॉलिलॅक्टिक आम्लाची असेल तर तिला कुजायला साठ अंशांच्या आसपास तापलेला खतखाना लागतो. कावेरीच्या वाळूत ती कैक वर्षे जशीच्या तशी पडून राहील. तिच्या शृंखलेच्या लांबीला माप आहे, पण उत्तरार्धच नाही; विरुद्ध स्वभावाचा दुसरा खंड नसल्याने पाण्यात तिची पुटिका होत नाही, आणि त्या व्याख्यानात याविषयी एक अवाक्षर निघाले नाही.

आमच्या खर्ड्यावर शेरा मारणाऱ्या दफ्तराने आता शाश्वत पदार्थांवर प्रस्ताव मागविल्याचे एका जुन्या सहकाऱ्याने कळविले आहे. मुदत तीन आठवड्यांची, आणि अर्जातला पहिला रकाना पूर्ववत उपयुक्ततेचाच.