तारखांच्या आड दडलेला सीमाप्रश्न

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपले वाडवडील सांगत आले. माडाबागांच्या हिश्शांपायी पिढ्या खर्ची घातलेल्या किनारपट्टीस त्याचा अर्थ उलगडून सांगावयास नको. पण ती पायरी एखादे राज्यच चढते तेव्हा काय घडते? २००४ साली महाराष्ट्राने घटनेच्या १३१ व्या कलमान्वये सर्वोच्च न्यायालयात सीमादावा दाखल केला. बेळगाव, निपाणी आणि आपल्या शेजारचे कारवार धरून ८६५ गावांचा हा प्रश्न. त्यास दोन दशके उलटली.

२०१४ साली साक्षीपुरावा नोंदविण्यासाठी निवृत्त मुख्य न्यायमूर्ती मनमोहन सरीन यांची नेमणूक झाली. त्यावर कर्नाटकाने अर्ज दिला की, सीमा बदलणे हा तिसऱ्या कलमाप्रमाणे संसदेचा अधिकार. सबब हा दावा चालूच शकत नाही. असा आक्षेप घेण्याचा हक्क कर्नाटकास आहे, हे आम्ही निःसंकोच मान्य करतो. प्रश्न आहे तो नेकीचा. आक्षेप निर्णय व्हावा म्हणून घेतला, की निर्णय टळावा म्हणून? दहा वर्षांनंतर पुरावा उंबरठ्याशी आला असताना तो पुढे यावा आणि काम तेथेच थबकावे, यावरून लोकांनी काय समजावे?

दिवाणी प्रक्रिया संहितेने सुनावणीत एका पक्षास तीनहून अधिक तहकुबी देऊ नये, असे म्हटले आहे. खोट्या वा त्रासदायक दाव्याबद्दल ३५-अ कलमाखाली भरपाईचीही सोय आहे. तिची कमाल मर्यादा मात्र तीन हजार रुपये! एवढ्यात नामांकित वकिलाची एक तारीखही भागत नाही. मग वेळकाढूपणास भय ते कोणाचे?

अर्थात महाराष्ट्रानेही आपले अंगण झाडून घ्यावे. निवडणुकीच्या व्यासपीठावर सीमाभाग आठवणाऱ्या आमच्या नेत्यांना सुनावणीची तारीख तितक्याच उत्कटतेने आठवते काय? निपाणीच्या तंबाखू उत्पादक शेतकऱ्याच्या हाती जमिनीचा उतारा कानडीत पडतो. त्याला दोन्ही सरकारांच्या वकीलपत्रांशी कर्तव्य नाही.

१७ जानेवारी १९५६ रोजी बेळगावात गोळीबार झाला. सीमालढ्याचे आधारस्तंभ प्रा. एन. डी. पाटील २०२२ साली गेले, तेही १७ जानेवारीसच. निकाल त्यांना पाहावयास मिळाला नाही. दावा चालू शकतो की नाही, एवढे तरी न्यायालयाने सलग सुनावणी घेऊन प्रथम ठरवावे, आणि त्या सुनावणीत दोन्ही राज्यांपैकी कोणीही तहकुबी मागू नये, अशी आमची मागणी आहे.