जिमी कार्टर यांची आरमारी उमेदवारी

१९७६ साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिलेले जॉर्जियाचे माजी गव्हर्नर जिमी कार्टर मतदारांना आपली ओळख करून देताना भुईमुगाचा शेतकरी या बिरुदाच्या जोडीला अणुशास्त्रज्ञ हे दुसरे बिरुदही लावीत असत. आणि वृत्तपत्रांतून त्याचा इतका बोलबाला झाला, की अणुशक्तीवर चालणाऱ्या एखाद्या पाणबुडीचे ते कप्तानच होते, असा पुष्कळांचा समज होऊन बसला. वस्तुस्थिती निराळी आहे. पाणबुडीवर त्यांनी नोकरी केली हे खरे, आणि अणुभट्टीशी त्यांचा निकटचा संबंध आला हेही खरे. परंतु अणुशक्तीवर चालणारी पहिली पाणबुडी अमेरिकन आरमारात दाखल होण्यापूर्वीच ते आपल्या हुद्द्याचा राजीनामा देऊन गावी परतले होते.

ॲनापोलिसच्या आरमारी विद्यालयातून १९४६ साली बाहेर पडल्यावर पहिली दोन वर्षे त्यांना जुनाट युद्धनौकांवरील प्रायोगिक कामात कंठावी लागली, आणि तेव्हा कोठे १९४८ साली न्यू लंडनच्या पाणबुडी-विद्यालयात प्रवेश मिळून वर्षअखेरीस पर्ल हार्बर येथे ठाणे असलेल्या ‘पॉम्फ्रेट’ या पाणबुडीवर ते रुजू झाले. त्या काळची पाणबुडी म्हणजे वस्तुतः पाण्यावरून चालणारी व प्रसंगी बुडी मारणारी नौका होय. डिझेल इंजिनाला हवा लागते, ती पाण्याखाली मिळत नाही. म्हणून खाली गेल्यावर सारा कारभार अवजड बॅटऱ्यांवर चालवावा लागे, आणि त्या रित्या झाल्या की शत्रू असो वा तुफान असो, वर येऊन इंजिने सुरू करून त्या भरून घेण्यावाचून गत्यंतर नसे.

ही पराधीनता किती जीवघेणी असते याचा अनुभव कार्टर यांना लवकरच आला. १९४९ च्या आरंभी चीनकडे जात असता ‘पॉम्फ्रेट’ वादळात सापडली. रात्री बॅटऱ्या भरण्यासाठी ती पाण्यावर आली असताना, मनोऱ्यावर पहाऱ्यास उभ्या असलेल्या कार्टर यांच्या डोक्यावरून एक प्रचंड लाट गेली, कठड्यावरची त्यांची पकड सुटली, आणि पायाखाली जहाजच नाही अशा स्थितीत ते पाण्यात हातपाय मारू लागले. लाट ओसरली तेव्हा मनोऱ्याच्या मागे काही अंतरावर बसविलेल्या तोफेवर येऊन पडले आणि तिलाच मिठी मारून राहिले. लाट किंचित तिरकी असती तर आपण समुद्रातच गेलो असतो, असे त्यांनी स्वतःच पुढे नमूद केले आहे. १९५१ मध्ये त्यांची ‘के-१’ या लहानशा पाणबुडीवर बदली झाली. शत्रूच्या पाणबुड्यांचा कानोसा घेत दबा धरून बसणे हे तिचे काम. तेथेच पाणबुडीचे आधिपत्य करण्याची पात्रता त्यांनी मिळविली.

बॅटरीची ही गुलामगिरी अणुशक्तीच्या बळावर संपविण्याचा ध्यास घेतलेला गृहस्थ म्हणजे कॅप्टन हायमन रिकोव्हर. पोलंडात जन्मलेला, कमालीचा कर्तबगार आणि तितकाच तिरसट असा हा अधिकारी आपल्या खात्यात येणाऱ्या प्रत्येकाची मुलाखत जातीने घेत असे. कार्टर यांची मुलाखत दोन तासांहून अधिक चालली. विषय उमेदवारानेच निवडावेत आणि रिकोव्हर यांनी त्याच विषयांत त्याचे अज्ञान उघडे पाडावे, असा एकंदर प्रकार होता. शेवटी वर्गातील क्रमांकाची चौकशी झाली; ८२० जणांत आपण ५९ वे होतो, हे कार्टर यांनी मोठ्या अभिमानाने सांगितले, त्यावर पाठ थोपटण्याऐवजी रिकोव्हर यांनी, तुम्ही आपली पराकाष्ठा केली होती काय, असा प्रश्न टाकला. नेहमीच केली असे नाही, अशी प्रामाणिक कबुली मिळताच त्यांनी खुर्ची फिरविली आणि, का केली नाही, एवढेच विचारले. कार्टर यांनी १९७५ साली निवडणुकीच्या तोंडावर लिहिलेल्या आत्मकथनाला याच प्रश्नाचे शीर्षक दिले. फजितीचे भांडवल करण्याची ही हातोटी पाहता राजकारण त्यांच्या अंगी मुळातच होते, असे म्हणावे लागते.

नोव्हेंबर १९५२ मध्ये ते रिकोव्हर यांच्या खात्यात दाखल झाले. अणूच्या विखंडनातून निघणाऱ्या उष्णतेने पाण्याची वाफ करावयाची व त्या वाफेने टर्बाइन फिरवावयाचे, एवढेच तत्त्व. या उष्णतेला हवा लागत नाही, यातच त्याचे सारे महत्त्व साठविलेले आहे. भट्टीतील उष्णता बाहेर कशाने वाहून आणावी, हा मात्र वादाचा विषय होता. ‘नॉटिलस’ या पहिल्या पाणबुडीसाठी दाबाखालील पाणी मुक्रर झाले. ‘सीवुल्फ’ या दुसरीसाठी, न्यूयॉर्क राज्यातील स्कनेक्टडी येथे जनरल इलेक्ट्रिक कंपनीकडून, वितळलेल्या सोडियमवर चालणारी भट्टी तयार होत होती. सोडियम उष्णता उत्तम वाहतो, परंतु पाण्याशी त्याचे हाडवैर. आणि पाण्याने वेढलेल्या नौकेत त्याला नांदवावयाचे होते! ‘सीवुल्फ’चे भावी खलाशी अणुशास्त्रात तयार करण्याच्या कामात कार्टर यांचा वाटा होता, आणि पुढे तिच्या यंत्रांचा कार्यभार सांभाळण्याच्या दृष्टीने त्यांचे स्वतःचे शिक्षणही चालले होते.

याच सुमारास, १२ डिसेंबर १९५२ रोजी, कॅनडातील चॉक रिव्हर येथे एनआरएक्स नावाच्या भट्टीला अपघात झाला. तळघरात कोणी चुकीच्या झडपा उघडल्या, त्यामुळे भट्टी शमविणाऱ्या काही कांड्या वर उचलल्या गेल्या; त्या सावरण्यासाठी खाली धावलेल्या पर्यवेक्षकाने दूरध्वनीवरून भलतीच बटणे दाबावयास सांगितली, आणि चूक ध्यानात येऊन दुरुस्ती करावी तो सहायकाने बटणे दाबण्यास दोन्ही हात लागतात म्हणून फोन खाली ठेवलेला होता. इंधन वितळले, तळघरात किरणोत्सर्गी पाणी साचले. भट्टी उकलण्याच्या कामी अमेरिकन आरमारातून ज्या तुकड्या गेल्या त्यांपैकी एकीचे प्रमुख कार्टर होते.

तेथील किरणोत्सर्ग इतका तीव्र होता की एका माणसास जेमतेम दीड मिनिट आत राहण्याची मुभा होती. म्हणून जवळच्या टेनिसच्या मैदानावर भट्टीची हुबेहूब प्रतिकृती उभारण्यात आली. कोणता पाना कोणत्या बोल्टला लावावयाचा याची तालीम घड्याळ लावून चाले, आणि मग तिघांतिघांच्या टोळ्या आत शिरून, जमतील तितके बोल्ट काढून धावत बाहेर येत. आत निघालेला प्रत्येक बोल्ट प्रतिकृतीवरूनही काढला जाई, म्हणजे पुढच्या टोळीला काम नेमके कोठवर आले ते कळे. त्यानंतर सहा महिने आपल्या लघवीत किरणोत्सर्ग आढळत होता, असे कार्टर सांगत.

जुलै १९५३ मध्ये वडील कर्करोगाने वारले. शेती, बी-बियाणांचा व्यापार आणि गावकऱ्यांची थकलेली उधारी, हा सारा पसारा मागे राहिला. पत्नी रोझलिन यांचा कडवा विरोध पत्करून कार्टर यांनी ऑक्टोबरात आरमार सोडले. रिकोव्हर यांच्या खात्यातील त्यांची सेवा अशी अकरा महिन्यांची भरते. ‘नॉटिलस’ने अणुशक्तीवर पहिला प्रवास केला तो जानेवारी १९५५ मध्ये, ‘सीवुल्फ’ १९५७ साली आरमारात दाखल झाली, आणि थोड्याच वर्षांत तिची सोडियमची भट्टी काढून पाण्याची बसवावी लागली. एवढ्या आधारावर अणुशास्त्रज्ञ हे बिरुद टिकत नाही. परंतु २८ मार्च १९७९ रोजी थ्री माइल आयलंडच्या अणुवीजकेंद्रात अपघात झाल्यावर चार दिवसांनी राष्ट्राध्यक्ष कार्टर स्वतः त्या केंद्रात जाऊन उभे राहिले, ते केवळ पुस्तकी ज्ञानाच्या बळावर नव्हे, हेही मान्य केले पाहिजे.

आपल्याकडे या हकीकतीचा एक धागा थेट येऊन पोहोचतो. ट्रॉम्बे येथे कॅनडाच्या साहाय्याने उभारलेली आणि १९६० मध्ये कार्यान्वित झालेली सायरस भट्टी त्याच एनआरएक्सच्या घाटावर बांधलेली होती, आणि १९७४ च्या पोखरण स्फोटासाठी लागलेले प्लुटोनियम तिच्यातूनच निघाले. त्या स्फोटानंतर अणुइंधनाच्या निर्यातीवर कडक अटी लादणारा कायदा अमेरिकेने १९७८ साली केला. त्यावर सही कार्टर यांची आहे. परंतु तारापूरच्या भट्ट्यांसाठी इंधन धाडण्यास १९८० मध्ये मंजुरी दिली तीही त्यांनीच, आणि अमेरिकेच्या सिनेटमध्ये ती ४८ विरुद्ध ४६ मतांनी, म्हणजे केवळ दोन मतांच्या फरकाने टिकली.