गावाबाहेर मॉल, गावात कुलूप : ब्रिटनमध्ये मोठ्या दुकानाला परवानगी देताना कौन्सिल काय तपासतं?

शनिवारी संध्याकाळी डी-मार्टच्या बिलिंग काउंटरवर रांग लागलेली असते. महिन्याचं वाणसामान एकाच ठिकाणी, भाव कमी, गाडी लावायला जागा. मग कोणीतरी म्हणतंच, "आपल्या कोपऱ्यावरच्या वाण्याचं कसं होणार?"

ब्रिटनमध्ये हा प्रश्न चाळीस वर्षांपूर्वीच आला होता. फरक एवढाच, की तिथे त्याचं उत्तर फक्त ग्राहकांवर सोडलं नाही. शहराबाहेर मोठं दुकान काढायचं असेल, तर तिथल्या कौन्सिलकडे, म्हणजे आपल्या भाषेत नगरपालिकेकडे, परीक्षा द्यावी लागते. ही परीक्षा नेमकी काय असते?

सुरुवात कुठून झाली?

१९८० च्या दशकात ब्रिटनमधले अनेक जुने कारखाने बंद पडत होते. ओसाड जागांवर उद्योग यावेत म्हणून मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने १९८१ पासून 'एंटरप्राइझ झोन' जाहीर केले. तिथे दहा वर्षं मालमत्ता कर माफ आणि नियोजनाचे नियमही सैल.

अपेक्षा कारखान्यांची होती, पण मॉलवाल्यांनीही संधी साधली. १९८६ मध्ये गेट्सहेडला मेट्रोसेंटर उघडलं. बर्मिंगहॅमजवळच्या डडली भागात, बंद पडलेल्या राउंड ओक पोलाद कारखान्याच्या परिसरात, मेरी हिल हा भलामोठा मॉल टप्प्याटप्प्याने उभा राहिला.

डडलीचा जुना बाजार तिथून चार-पाच किलोमीटरवर. तिथली मार्क्स अँड स्पेन्सर, ब्रिटिश होम स्टोअर्स यांसारखी मोठी दुकानं उठून मेरी हिलला गेली. ज्या दुकानांमुळे लोक बाजारात यायचे तीच गेल्यावर आजूबाजूच्या छोट्या दुकानांचं गिऱ्हाईकही आटलं.

सरकारने भूमिका कधी बदलली?

गंमत म्हणजे हा बदलही हुजूर पक्षाच्याच सरकारने केला. जॉन गमर पर्यावरणमंत्री असताना १९९६ मध्ये 'पीपीजी ६' या मार्गदर्शक सूचनांची नवी आवृत्ती आली. सूत्र सोपं होतं : आधी शहराचं केंद्र, मग बाकी सगळं. पुढे सरकारं बदलली, कागदपत्रांची नावं बदलली, पण हे सूत्र टिकलं. इंग्लंडमध्ये २०१२ पासून ते राष्ट्रीय नियोजन धोरणाच्या चौकटीत, म्हणजे 'एनपीपीएफ'मध्ये आहे.

परीक्षेचे दोन पेपर

पहिला पेपर जागेचा. कंपनीने आधी मुख्य बाजारपेठेत जागा शोधायची. तिथे नसेल, तर बाजाराच्या कडेला, म्हणजे मुख्य खरेदी भागापासून साधारण ३०० मीटरच्या आत. तिथेही योग्य जागा मिळत नसेल, तरच शहराबाहेर. त्यातही बसने किंवा चालत पोहोचता येईल अशा जागेला प्राधान्य. "आम्हाला एवढंच मोठं आणि असंच दुकान हवं" हा हट्ट चालत नाही. आकार आणि मांडणी यात कंपनीने लवचिकता दाखवावी, असं धोरण सांगतं.

दुसरा पेपर परिणामाचा. स्थानिक कौन्सिलने वेगळी मर्यादा ठरवली नसेल, तर २,५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या दुकानासाठी परिणामांचा अहवाल द्यावा लागतो. नव्या दुकानामुळे जुन्या बाजाराचा किती धंदा जाईल? तिथे होऊ घातलेली गुंतवणूक थांबेल का? बाजाराची वर्दळ टिकेल का? परिणाम गंभीर असेल, तर परवानगी नाकारावी असं धोरण आहे. नकार मिळालेली कंपनी अपील करू शकते.

परवानगी मिळाली तरी अटी असतात. काही ठिकाणी फक्त फर्निचर, गालिचे, बांधकामाचं सामान असा अवजड मालच विकता येतो. कपडे आणि बूट बाजारातच राहावेत, हा हेतू.

मग हे छोट्या दुकानदारांना संरक्षण आहे का?

इथेच बहुतेकांचा गैरसमज होतो. नियोजनाचा कायदा एखाद्या दुकानदाराला स्पर्धेपासून वाचवण्यासाठी नाही. नवं सुपरमार्केट भर बाजारात येत असेल आणि त्यामुळे शेजारचा किराणावाला बुडणार असेल, तरी हे धोरण त्याच्या मदतीला येत नाही. वाचवायचं असतं ते संपूर्ण केंद्र : बँक, पोस्ट, दवाखाना, वाचनालय आणि दुकानं एकाच फेरीत गाठता येणारी जागा.

ही जागा सगळ्यात जास्त लागते ती गाडी नसलेल्यांना. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समधल्या साधारण २३ टक्के घरांकडे गाडी नव्हती. दुकानं महामार्गाला गेली, की अशा घरातल्या म्हाताऱ्या माणसाला दुधाच्या पिशवीसाठीही बसची वाट बघावी लागते.

कोर्टात काय झालं?

स्कॉटलंडमधल्या डंडी शहरात अ‍ॅस्डाला बाजारपेठेबाहेर सुपरस्टोअर काढायला कौन्सिलने परवानगी दिली. त्याविरोधात कोर्टात गेली ती टेस्को, म्हणजे प्रतिस्पर्धी सुपरमार्केट कंपनी. कौन्सिलने 'योग्य जागा' या शब्दांचा अर्थ चुकीचा लावला, असा तिचा दावा होता.

मार्च २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने टेस्कोचं अपील फेटाळलं. जागा योग्य की अयोग्य हे अर्जदाराच्या प्रस्तावाच्या संदर्भात बघायचं, प्रस्तावच पार बदलून तो कुठल्या तरी छोट्या जागेत कोंबता येईल का असं नाही, असा कोर्टाचा अर्थ होता. अर्जदाराने लवचिकता दाखवायलाच हवी, हेही कोर्टाने मान्य केलं. पण कंपन्यांना यातून एक मोठा आधार मिळाला.

विरोधकांचं म्हणणं काय?

जागा मिळणं अवघड झालं, की ज्यांच्याकडे आधीच मोठी दुकानं आहेत त्यांचंच फावतं, असा एक आक्षेप आहे. २००८ मध्ये ब्रिटनच्या स्पर्धा आयोगानेही किराणा बाजाराचा अभ्यास करून नियोजनात स्पर्धेचा विचार व्हावा अशी शिफारस केली होती. शिवाय स्वस्त माल आणि मोफत पार्किंग हवं असलेल्या कुटुंबाला लांबच्या, महागड्या बाजारात का पाठवायचं, हा प्रश्न उरतोच. आता ऑनलाइन खरेदी आहे, आणि तिला जागेचा पेपर द्यावाच लागत नाही.

महाराष्ट्राशी संबंध काय?

२०१२ मध्ये भारताने मल्टिब्रँड रिटेलमध्ये ५१ टक्क्यांपर्यंत परकीय गुंतवणुकीला परवानगी दिली. महाराष्ट्र ही दुकानं येऊ द्यायला तयार असलेल्या राज्यांपैकी होता. सुरुवातीला ती १० लाखांवरच्या शहरांत आणि हद्दीबाहेर १० किलोमीटरपर्यंतच काढता येणार होती. शहराच्या विकास आराखड्यात बसणारी जागा, वाहतूक आणि पार्किंग या अटीही होत्या. पुढे डंडीच्या खटल्यातल्या त्याच टेस्कोने स्टार बाजार चालवणाऱ्या टाटांच्या कंपनीत निम्मी भागीदारी घेतली.

पण त्या अटींमध्ये, जुन्या बाजारपेठेचं काय होईल, हे तपासणारा दुसरा पेपर नव्हता.

आणि डडलीचं काय झालं?

धोरण बदललं तोवर मेरी हिल उभा होता. २०११ मध्ये त्या भागाचा नवा नियोजन आराखडा मंजूर झाला. त्यात मुख्य केंद्राचा दर्जा मिळाला तो मेरी हिल ज्या भागात येतो त्या ब्रायर्ली हिलला. डडलीच्या जुन्या बाजाराला नाही. म्हणजे बाजारपेठ वाचवणारं सूत्र आता त्या मॉलच्याच बाजूने उभं राहिलं.

म्हणून या परीक्षेत वेळ महत्त्वाची. ती दुकान उभं राहण्याआधी घ्यावी लागते. नंतर घेतली, तर प्रश्नपत्रिका तीच असते, पण उत्तर बदललेलं असतं.