मुठीतल्या मुंग्या

वीकएण्डला शंभर किलोमीटर मारून आलात आणि सोमवारी कीबोर्डवर करंगळी अजून ‘झोपलेली’च? मग तुमच्या सायकलच्या सीटकडे जरा बघायला हवं. हो, सीटकडेच!

सायकलवाल्यांच्या गप्पांमध्ये मांड्या, गुडघे आणि पाठ यांना भलताच मान असतो. हातांचं कुणी नावही काढत नाही. पेडल मारायचं पायांनी, हातांना काय काम? नुसतं धरून बसायचं! पण साठ-सत्तर किलोमीटर झाले की हे नुसतं धरून बसलेले हातच कुरकुरायला लागतात. आधी करंगळीत बारीक मुंग्या. मग शेजारचं अर्धं बोट बधिर. मग गिअर बदलायला जावं तर बोट आपलं नाहीच असं वाटतं. हात झटकायचा, जरा बरं वाटतं, पुढे निघायचं. दहा मिनिटांनी पुन्हा तेच.

बहुतेकांना हे ‘चालायचंच’ वाटतं आणि एका अर्थी ते खरंही आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात चार दिवसांत ६०० किलोमीटर सायकल चालवणाऱ्या २५ जणांचे हात तपासले होते. त्यातल्या २३ जणांमध्ये बधिरपणा, अशक्तपणा किंवा दोन्ही सापडलं. आपल्याकडे बीआरएमवाले तेच ६०० किलोमीटर ४० तासांत संपवायला निघतात, तेही आपल्या रस्त्यांवरून. तेव्हा मुंग्या आल्या म्हणून तुम्ही कच्चे ठरत नाही. पण सगळ्यांना होतं म्हणून ते फुकटात सुटतं असंही नाही, बरं का!

आधी बोटं मोजा

कोपर दाराला आपटल्यावर जो सणसणीत करंट बसतो, तो देणारी नस म्हणजे अल्नर नर्व्ह. हीच नस खाली मनगटापर्यंत येते आणि करंगळीच्या बाजूला दोन छोट्या हाडांमधल्या बोगद्यातून तळहातात शिरते. फेलिक्स गीयाँ या फ्रेंच सर्जनने १८६१ साली या बोगद्याचं वर्णन केलं, म्हणून त्याला त्याचंच नाव मिळालं. इथे नसेवर पांघरूण अगदीच तुटपुंजं आहे. आणि हँडलवर आपण टेकतो ते नेमकं याच जागेवर.

बोगद्यात या नसेच्या दोन फांद्या होतात. एक करंगळी आणि अर्ध्या अनामिकेला संवेदना देते, दुसरी पंजातले छोटे स्नायू चालवते. दुसरीच फांदी दबली तर मुंग्या बिलकूल येत नाहीत, पण पकड हळूहळू ढिली होते. म्हणजे ‘मला काही होत नाही’ म्हणणाऱ्यालाही काहीतरी होत असू शकतं.

आणि अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होत असेल तर? मग प्रकरण मीडियन नर्व्हचं, म्हणजे ऑफिसात ज्याच्या नावाने सगळे घाबरतात त्या कार्पल टनेलचं. हँडल धरताना मनगट मागे मोडलेलं असेल तर तिथे दाब वाढतो. म्हणून दुकानात जाऊन पैसे उधळण्याआधी, नेमकी कुठली बोटं झोपतात ते बघून ठेवा.

गुन्हेगार सीटच्या टोकाला

हात दुखला की आपण ग्लोव्ह्ज घ्यायला धावतो. पण बऱ्याचदा घोळ सीटचा असतो. बसायला टोचतं म्हणून लोक सीटचं टोक खाली झुकवतात. मग पेडल मारताना शरीर पुढे घसरत राहतं आणि ते थोपवायचं काम तळहातांवर येतं. तासाला हजारो वेळा! सीट जवळपास सपाट हवी. फोनमधलं लेव्हलचं अॅप सीटवर ठेवलं की काम झालं. फरक करायचाच तर एखाद-दोन अंशांचा, त्याहून जास्त नको.

सीट फार पुढे सरकलेली असेल तरी वजन हातांवर येतं. एक सोपी टेस्ट आहे. मित्राला सायकल घट्ट धरायला सांगा, नेहमीसारखं बसा आणि दोन्ही हात हँडलपासून इंचभर उचला. धाडकन पुढे पडताय? म्हणजे एरवी हातच तुम्हाला तोलून धरत होते. अशा वेळी सीट थोडी मागे घ्यायची, हँडल थोडं वर आणायचं किंवा ते जवळ आणायला छोटा स्टेम बसवायचा. अर्थात, सेलमध्ये स्वस्त मिळाली म्हणून एक साइज मोठी सायकल घेतली असेल तर स्टेम तरी किती लाज राखणार?

एका वेळी एकच बदल करा आणि जुन्या जागेवर टेपची खूण ठेवा. नाहीतर कशाने बरं वाटलं ते कळणारच नाही. हे सगळं झेपत नसेल तर बाइक फिटिंग करून घ्या. महागड्या हेल्मेटपेक्षा मी ते आधी करेन, अर्थात साधं का होईना, हेल्मेट डोक्यावर आहे असं धरून!

मूठ सैल, कोपर सैल

आपल्यातल्या कित्येकांची पहिली सायकल सरळ हँडलची हायब्रिड असते. शहरात झकास, पण लांब पल्ल्याला हात ठेवायला जागा एकच. चार तास एकाच बिंदूवर दाब! तिला बार एंड्स, म्हणजे टोकांना बसणारी शिंगं लावली की हात फिरवायला दुसरी जागा मिळते. तळहाताला आधार देणाऱ्या रुंद ग्रिप्सही चांगल्या. ब्रेकचे लिव्हर इतके खाली वळवा की कोपरापासून बोटांपर्यंत सरळ रेष राहील. रोड बाइकवाल्यांकडे हात ठेवायला तीन जागा असतात, पण अर्धे लोक त्यातली एकच वापरतात. दर पाच-दहा मिनिटांनी जागा बदला, मुंग्यांची वाट बघू नका.

हायवेवरचे ते पांढरे रम्बलर तर ठाऊकच आहेत. ताठ कोपर आणि आवळलेली मूठ घेऊन त्यावर गेलात की प्रत्येक पट्टा थेट मनगटात. कोपर किंचित वाकलेलं असेल तर ते शॉकअॅब्सॉर्बरचं काम करतं. मूठ एवढीच घट्ट ठेवा, की मधेच बोटांनी हँडलवर पेटी वाजवता आली पाहिजे. खंबाटकी नाहीतर आंबोलीचा घाट उतरताना ब्रेक दाबून दाबून पंजा आखडतो, तिथे मधेच थांबा. फोटोही होतात!

टायरचंही तेच. पंप हातात आला की दगड होईपर्यंत हवा भरायची हौस आपल्याला. टायरच्या बाजूला छापलेला मोठा आकडा ही मर्यादा असते, हुकूम नव्हे. फ्रेममध्ये मावत असेल तर २३ मिमीऐवजी २८ किंवा ३२ मिमीचा टायर घाला आणि हवा कमी ठेवा. खड्ड्यांचा निम्मा राग तिथेच विरतो.

ग्लोव्ह्ज? घ्या की! पण जेलचा जाड गोळा नेमका त्या नसेवरच बसत असेल तर उलट त्रास वाढतो. घालून, हँडल धरून बघितल्याशिवाय घेऊ नका.

आणि सोमवार ते शुक्रवारचं काय? टेबलाच्या कडेवर टेकवलेलं कोपर, तासभर कानाला लावलेला फोन, माउसवर मागे मोडलेलं मनगट. त्याच त्या नसा तुम्ही आठवडाभर चिडवता आणि रविवारी त्यांना हँडलवर टेकवता. पोट आणि पाठ कमकुवत असेल तर धड पेलायचं कामही हातांकडेच जातं, म्हणून रोज दोन-तीन मिनिटं प्लँक कराच.

कधी थांबायचं?

राईड संपल्यावर थोड्या वेळात मुंग्या गेल्या तर सेटिंग सुधारा, बास. दुसऱ्या दिवशी सकाळीही बोट बधिर असेल तर सायकल काही दिवस भिंतीला. शर्टाचं बटण लागत नाही, कुलपात किल्ली फिरत नाही, वस्तू हातून निसटतात, असं काही असेल तर सरळ डॉक्टर गाठा. घरी एक करून बघता येतं. अंगठा आणि तर्जनीच्या बाजूमध्ये कागद धरा आणि दुसऱ्याला ओढायला सांगा. कागद वाचवण्यासाठी अंगठ्याचं टोक वाकायला लागलं, तर पंजातले छोटे स्नायू दमलेत असं समजा. डॉक्टर बहुधा नर्व्ह कंडक्शन टेस्ट सांगतील. सायकलला हातही न लावता मुंग्या येत असतील किंवा पायांतही येत असतील, तर साखर, थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्या. शाकाहारी मंडळींनी बी-१२ विसरूच नका. आणि डाव्या हाताच्या जडपणाबरोबर छाती दडपली, दरदरून घाम फुटला, तर तो सायकलचा विषय नाही, तडक हॉस्पिटल.

हिंजवडीत काम करणाऱ्या एका मैत्रिणीने पुणे-गोवा केलं होतं. दुसऱ्या दिवसापासून करंगळी गेलेली, पण ग्रुप थांबेना म्हणून तीही थांबली नाही. परतल्यावर चहाचा कप धरताना हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी सायकल बंद केली, रात्री मनगटाला पट्टा दिला. मुंग्या तीन आठवड्यांत गेल्या, पकड यायला चार महिने लागले. आता तिचं हँडल तीन सेंटीमीटर वर आहे आणि ग्रुप तिला ‘आजीबाई’ म्हणतो. गेल्या डिसेंबरात आजीबाई पुन्हा गोव्याला जाऊन आल्या, सगळ्यांच्या मागून, दर तासाला थांबत.