म्हाळसेच्या माहेरी, प्रवरेच्या काठी

शिर्डी-शिंगणापूर करून आलेल्या मैत्रिणीला सहज विचारून पाहा, "अगं, नेवासे पाहिलंस का?" बहुतेक जणी म्हणतील, "फाटा लागला होता खरा. पण गाडी थांबवली नाही. ह्यांना अंधाराच्या आत घरी पोचायचं होतं."

अशी कितीतरी गावं आपल्या वाटेत लागतात आणि 'ह्यांच्या' घाईत मागे पडतात! नेवाशाचं मात्र विशेष वाटतं, कारण बायकांनी थांबून पाहावं असं नगर जिल्ह्यात काही असेल तर ते इथं आहे. (जिल्ह्याचं नाव २०२४ पासून अहिल्यानगर झालं आहे. पण एसटीतल्या बायका अजून नगरच म्हणतात, म्हणून मीही तसंच लिहिते.)

आजकाल आपल्यातल्या काहीजणी प्रवासी कंपन्यांबरोबर थेट कंबोडिया-लाओसपर्यंत जाऊन येतात. मेकाँग आणि नाम खान नद्यांच्या संगमावर लुआंग प्रबांग नावाचं देखणं शहर आहे. तिथं पहाटे बायका रस्त्याच्या कडेला बसून भिक्षूंना भात वाढतात. त्याचे फोटो आपण भिशीच्या दिवशी कौतुकानं पाहतो. अंकोरवाटच्या भिंतीवर देव-दानव समुद्र घुसळत आहेत, तेही शिल्प पाहतो. पण त्याच कथेचा शेवट कुठं झाला, असं विचारलं तर? पुराणकथा आणि आपली लोकपरंपरा सांगते, प्रवरेच्या काठी! अमृत निघाल्यावर विष्णूनं मोहिनीचं रूप घेतलं आणि देवांची पंगत बसवली ती नेवाशाला. पंगतीत चोरून बसलेल्या राहूचं डोकं उडालं, ते पडलं राहुरीला आणि काया पडली कायगावला. म्हणून ही गावांची नावं, आणि म्हणून प्रवरेला अमृतवाहिनी म्हणतात. भाषापंडित या व्युत्पत्तीला हसतील, हसू देत. संगम आपल्याकडेही आहे, आणि त्याला पासपोर्ट लागत नाही.

आता जायचं कसं ते सांगते. पुण्याहून नगर सव्वाशे किलोमीटरच्या आत-बाहेर. नगरहून छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्यानं साधारण साठ किलोमीटरवर नेवासे फाटा येतो आणि तिथून चार-पाच किलोमीटर आत गाव. पुणे-संभाजीनगर जाणाऱ्या एसटी गाड्या फाट्यावर थांबतात. पुढं रिक्षा मिळते. रेल्वेनं यायचं असेल तर नगर स्टेशन आहे, किंवा श्रीरामपूर गावातलं बेलापूर स्टेशन. एसटीत बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट झालं आहे, तेव्हा 'पैसे उगाच जातात' ही सबबही फारशी उरलेली नाही. सात-आठजणी असाल तर एक जीप ठरवा. संगमापर्यंत जायचं तर तीच सोयीची. शनिवार आणि अमावास्या मात्र टाळा. त्या दिवशी घोडेगावच्या आसपास शिंगणापूरच्या गाड्यांची इतकी गर्दी असते की अर्धा दिवस रस्त्यातच जातो.

गावात शिरलात की आधी मोहिनीराजाच्या देवळात जा. अठराव्या शतकात होळकरांकडच्या चंद्रचूडांनी बांधलेलं हे दगडी देऊळ आहे. खांबांवरचं, छतावरचं कोरीव काम डोळे भरून पाहण्यासारखं. काळ्या पाषाणाची उभी मूर्ती, शेजारी लक्ष्मी. नीट विचार केला तर गंमत वाटते. देव पुरुष, रूप बाईचं, आणि काम कोणतं? तर पंगतीत वाढण्याचं! कोणाला किती, कोणाला आधी, कोण आगंतुक येऊन बसला आहे, हे वाढणारीलाच कळतं, हे देवानंही मान्य केलं म्हणायचं. माघात इथं यात्रा भरते. कित्येक घरांचं हे कुलदैवत आहे. सासरचं कुलदैवत मोहिनीराज असूनही लग्नानंतर एकदाच, जोडीनं, घाईघाईत जाऊन आलेल्या कितीतरी सुना असतील. त्यांनी तर परत यावंच.

आणि खंडोबा ज्यांच्या घरी आहे त्यांना तर हे गाव आणखी जवळचं. जेजुरीच्या खंडोबाची म्हाळसा ही नेवाशाच्या तिम्मशेट वाण्याची लेक. पालीला पौष पौर्णिमेला लग्न लागलं आणि ती जेजुरीला गेली. बाणाईचं माहेर चंदनपुरी आणि म्हाळसेचं नेवासे. दोघी सवतींची भांडणं वाघ्या-मुरळी रात्रभर गातात. आपणही हसत ऐकतो. पण म्हाळसेला माहेरची आठवण येत असेल तेव्हा तिला काय दिसत असेल, हे नेवाशाला आल्यावर कळतं. तिच्या डोळ्यांपुढं हाच नदीचा काठ, ही काळी जमीन येत असेल. खणा-नारळानं देवीची ओटी आपण सगळीकडे भरतो. इथं भरताना ती माहेरवाशिणीची ओटी आहे एवढं मनात धरा, म्हणजे हात आपोआप सावकाश चालतो.

देवळातून निघालात की पैस खांबाकडे जायचं. शके १२१२, म्हणजे सन १२९० मध्ये ज्ञानेश्वरांनी ज्या खांबाला टेकून गीतेचा अर्थ मराठीत सांगितला, तो हा खांब. भोवतीचं आताचं मंदिर विसाव्या शतकातलं, पण खांब मूळ जुन्या करवीरेश्वराच्या देवळाचा. त्यावर एक कोरीव लेख आहे. त्यात काय असेल असं वाटतं? कुठल्या राजाचा पराक्रम? नाही. देवापुढच्या अखंड दिव्याला तेल मिळावं म्हणून दरमहा नेमून दिलेल्या देणगीची ती नोंद आहे. तेलाचा महिन्याचा हिशेब! ज्ञानेश्वरी ज्याच्या सावलीत झाली त्या दगडावर तो असावा, याचं आपल्याइतकं अप्रूप कोणाला वाटणार?

परंपरा सांगते की चारही भावंडं इथं होती. ज्ञानेश्वर पंधरा वर्षांचे आणि मुक्ताबाई अकरा. आई-वडील गेलेली, गावानं वाळीत टाकलेली ही पोरं. त्या मुक्ताबाईच्या वयाची मुलगी आपल्या घरात असते तेव्हा तिची वेणी घालून तिला शाळेत धाडताना आपली तारांबळ उडते. या भावंडांचं जेवणखाण कोण पाहत होतं, मुक्ताबाईच्या केसांना तेल कोण लावत होतं, याची नोंद खांबावरही नाही आणि पोथीतही नाही.

नेवाशाची जी कथा कीर्तनकार सांगतात, ती तुम्ही ऐकली असेल. भावंडं गावात आली तेव्हा एक प्रेतयात्रा चालली होती. गेलेल्या माणसाची बायको सती जायला निघालेली. वाटेत तिनं ज्ञानेश्वरांना नमस्कार केला आणि त्यांच्या तोंडून अखंड सौभाग्याचा आशीर्वाद गेला. मग कळलं की नवराच तिरडीवर आहे. ज्ञानेश्वरांनी त्याला उठवलं. हेच सच्चिदानंदबाबा, ज्यांनी पुढं ज्ञानेश्वरी लिहून घेतली. लेखक म्हणून त्यांचं नाव ग्रंथाच्या शेवटी आलेलं आहे.

आणि त्या बाईचं नाव? कथा सांगताना ते बहुतेक वेळा कोणी घेतच नाही. चमत्कार खरा की खोटा हा वाद पुरुषमंडळींनी घालावा. मला इतकंच दिसतं की त्या दिवशी नदीकाठी एक जिवंत बाई जळायची वाचली. नमस्कार करायला ती वाकली नसती तर पुढची गोष्टच घडली नसती. खांबाला हात लावाल तेव्हा तिची आठवण काढा. मंदिरात पाट्या पुष्कळ आहेत, पण पाटी नसलेली माणसंही आपणच ध्यानात ठेवायची असतात.

नेवाशाची तिसरी जागा फारसं कोणी पाहत नाही. दाखवण्यासारखं वर काही उरलेलं नाही, म्हणूनही असेल. प्रवरेच्या काठी लाडमोड नावाचं टेकाड आहे. १९५४ ते १९५६ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या डॉ. ह. धी. सांकलिया यांनी तिथं उत्खनन केलं आणि अश्मयुगापासूनच्या वस्तीचे थर उलगडले. त्यातल्या एका थरात साधारण तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीची घरं निघाली. त्यांची भांडी लाल, वर काळ्या रंगाची नक्षी, तोटीचे तांबे. यालाच जोर्वे संस्कृती म्हणतात. जोर्वे हे गावही याच नदीवर, वर संगमनेरकडे.

त्या घरांच्या जमिनीखाली रांजणासारखी दोन-दोन मडकी तोंडाला तोंड लावून पुरलेली सापडली. आत लहान मुलांची हाडं होती. मोठ्या माणसांना कुठं पुरावं याचे रिवाज निरनिराळे असतात, पण ही मुलं घरातच ठेवलेली. जिथं रोज सारवायचं, चूल पेटवायची, त्याच जमिनीखाली! एका लेकराच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती आणि तिच्यात रेशमाचा आणि कापसाचा धागा मिळाला. आपल्या देशात रेशीम किती जुनं, याचा हा मोठा पुरावा म्हणून विद्वान तो धागा दाखवतात. ते बरोबरच आहे. पण माळ गळ्यातून काढून न घेता तशीच ठेवणारी आई आपल्याला जास्त ओळखीची वाटते. ज्यांनी लहान मूल गमावलं आहे त्यांना 'आता विसर, पुढचं बघ' असं घरचे-दारचे सांगत असतात. तीन हजार वर्षांपूर्वी प्रवरेकाठच्या बाईनं मूल घराबाहेर जाऊ दिलं नव्हतं, एवढं त्यांना कळावं म्हणून हे लिहिलं. पुण्याला गेलात तर डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयातही जा. नेवाशाच्या वस्तू तिथं आहेत.

दुपारचं ऊन कललं की संगमावर चला. फाट्यावरून संभाजीनगरच्या दिशेनं दहा-बारा किलोमीटरवर प्रवरासंगम आहे. रतनगडावरून निघालेली प्रवरा इथं गोदावरीला मिळते. पलीकडच्या काठावर कायगाव, म्हणजे राहूची काया पडली ते. अलीकडे टोके गाव आणि सिद्धेश्वराचं पेशवाईतलं देऊळ. शेजारी विष्णूचं आणि देवीचं. घाटाच्या पायऱ्यांवर निवांत बसा. पावसाळ्यानंतर पैठणच्या धरणाचं पाणी भरलं की त्याचा फुगवटा इथपर्यंत येतो, तेव्हा नदी अगदी समुद्रासारखी दिसते. वैशाखात आलात तर मात्र निराश व्हाल. प्रवरेचं पाणी वर भंडारदऱ्याला १९२६ पासून अडवलेलं आहे आणि खालची नदी सुटणाऱ्या पाण्यावर जगते. वर पाणी अडलं म्हणून तर हा भाग उसानं हिरवा झाला. आपल्या चहातल्या साखरेत थोडी प्रवरा असतेच. पण काठावरच्या बाईला घागर घेऊन लांब जावं लागतं, तेव्हा ती हिरवाई डोळ्यांत खुपत असणार.

संगमावर अस्थी घेऊन आलेली माणसंही भेटतील. मुलं बरोबर असतील तर त्यांना काय चाललं आहे ते सरळ सांगा, उगीच दुसरीकडे ओढून नेऊ नका. आणि पाण्याशी खेळ नको. घाटाच्या खालच्या पायऱ्या शेवाळानं निसरड्या असतात, आणि पाणी पायरीपासूनच खोल लागू शकतं.

वेळ उरला तर प्रवरेकाठचं देवगड पाहा. किसनगिरी बाबांनी उभारलेलं दत्ताचं स्थान आहे आणि तिथली स्वच्छता पाहून आपल्या घरच्या मोरीची लाज वाटते! शिंगणापूर वाटेतच आहे. तिथल्या चौथऱ्यावर बायकांना २०१६ पासून जाता येतं. गेलात तर रांगेत उभ्या राहा, नाही गेलात तरी काही बिघडत नाही. पण एका दिवसात सगळं कोंबू नका. नेवासे आणि संगम, एवढंच पुरे.

बरोबर काय घ्यावं? दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि धपाटे. दुधातल्या दशम्या दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. थंडीत गेलात तर वाटेत ज्वारीचा हुरडा मिळेल, तो सोडू नका. पिण्याचं पाणी घरून न्या. सुती साडी किंवा पंजाबी ड्रेस, पायात पट्ट्याची चप्पल, कारण देवळांचे दगड उन्हात तापतात आणि घाटावर टाचेची चप्पल सटकते. गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंना घाटावर उतरवू नका. वरूनही नदी छान दिसते. एक बोलायला संकोच वाटतो, पण बोललं पाहिजे. स्वच्छतागृहाची सोय हमरस्त्यावरच्या पेट्रोलपंपावर किंवा चांगल्या हॉटेलात आधीच करून घ्या. दिवसभर पाणी न पिता हिंडायचं आणि घरी येऊन जळजळ सोसायची, हा आपला जुना खोडसाळ उपाय आता पुरे.

गर्दी नको असेल तर वद्य एकादशी सोडून जा. त्या दिवशी वारकऱ्यांची रीघ असते. पण भजन ऐकायचं असेल तर मुद्दाम त्याच दिवशी जा. मोसम म्हणाल तर भाद्रपद संपल्यावर ते माघापर्यंत उत्तम. दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले की उसाच्या ट्रॉल्या मागचा दिवा न लावता रस्त्यावर उतरतात, म्हणून ड्रायव्हरला आधीच बजावून ठेवा आणि दिवेलागणीच्या आत संगमावरून निघा.