जो–तो आणि जे–शे : बंगाली वाक्याकडे जाणारी मराठी वाट

एखाद्या नामाविषयी अधिक माहिती देण्यासाठी जे वाक्य त्या नामाला जोडले जाते, त्याला मराठी व्याकरणात विशेषणवाक्य म्हणतात, आणि त्या गौण वाक्याला मुख्य वाक्याशी बांधणाऱ्या 'जो', 'जी', 'जे' या शब्दांना संबंधी सर्वनामे म्हणतात. 'ज्याचे पुस्तक हरवले, तो रडतो आहे' या वाक्याला दोन टोके आहेत: 'ज्याचे' हे टोक आधी एक जागा मोकळी करून ठेवते आणि 'तो' हे टोक येऊन ती जागा भरते. बंगालीत हेच वाक्य 'जार बोइ हारियेछे, शे काँदछे' असे होते, म्हणजे दोन टोकांची ही बांधणी तेथेही तशीच आहे. बंगाली शिकणाऱ्या मराठी माणसाला या भाषेतील मिश्र वाक्य ओळखीचे वाटते ते त्यामुळेच. मात्र या ओळखीच्या आड काही फरक दडलेले असतात आणि नवशिक्याच्या चुका नेमक्या तेथेच होतात.

नागपूरला हा विषय परका नाही. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल–नागपूर रेल्वेचे नावच या दोन प्रदेशांना जोडणारे होते. रेल्वे, वकिली आणि शिक्षण या क्षेत्रांतून बंगाली कुटुंबे येथे स्थायिक झाली, आणि १९२३ साली नागपूर विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा त्याचे पहिले कुलगुरू होण्याचा मान सर बिपिन कृष्ण बोस यांना मिळाला. धंतोलीतील रामकृष्ण मठाने रामकृष्ण–विवेकानंद साहित्य मराठीत आणण्याचे काम दीर्घकाळ केले आहे. महेंद्रनाथ गुप्त यांनी १९०२ ते १९३२ या काळात पाच भागांत प्रसिद्ध केलेले 'कथामृत' मराठी वाचकांपर्यंत 'श्रीरामकृष्ण–वचनामृत' या नावाने पोहोचले, ते याच मठाच्या प्रकाशनामुळे. विदर्भाच्या पूर्व टोकाला, गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी आणि मुलचेरा तालुक्यांत, पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या वसाहतींमध्ये बंगाली आजही घराघरांत बोलली जाते. तेव्हा विदर्भात बंगाली शिकू पाहणाऱ्याला ही भाषा ऐकण्यासाठी फार दूर जावे लागत नाही.

दोन्ही भाषांतील साम्याचे मूळ संस्कृतातील 'यद्' आणि 'तद्' या सर्वनामांत आहे. मराठीने 'य'चा 'ज' करून तो तसाच लिहिला, तर बंगालीने लेखनात 'य' राखला आणि उच्चारात 'ज' स्वीकारला; म्हणून बंगाली लिपीत 'ये' असे दिसणारा शब्द 'जे' असा वाचावा लागतो, आणि 'से' असे लिहिलेला शब्द 'शे' असा. ('जे', 'शे' हे शब्द आणि या लेखातील इतर बंगाली उदाहरणे उच्चाराच्या जवळ जाणाऱ्या देवनागरीत दिली आहेत.) एवढे ध्यानात ठेवले की जोड्या भराभर लागतात: 'जेव्हा–तेव्हा' म्हणजे 'जखोन–तखोन', 'जिथे–तिथे' म्हणजे 'जेखाने–शेखाने', 'जितके–तितके' म्हणजे 'जतो–ततो', 'जर–तर' म्हणजे 'जोदि–ताहोले'. म्हणींतही हीच घडण आढळते. मराठीत ज्याच्या हाती ससा तो पारधी ठरतो, आणि बंगालीत 'जोर जार मुलुक तार', म्हणजे ज्याचे बळ त्याचा मुलूख.

यानंतर फरक सुरू होतात आणि त्यांपैकी पहिला लिंगाचा आहे. मराठीत 'जो', 'जी', 'जे' यांतून निवड करावी लागते. बंगालीत व्याकरणिक लिंग नसल्याने पुरुष असो वा स्त्री, 'जे' आणि 'शे' हेच शब्द चालतात, तर निर्जीव वस्तूंसाठी 'जा–ता' किंवा 'जेटा–शेटा' वापरतात. दुसरा फरक विभक्तीचा. 'ज्याने मला पुस्तक दिले' यातील 'ने' बंगालीत मुळीच येत नाही; तेथे 'जे आमाके बोइटा दियेछे, शे आमार बोन्धु' असे साधे 'जे' पुरते. याउलट 'ज्याला भूक लागली आहे' यातील 'ला'च्या जागी बंगाली षष्ठी योजते आणि वाक्य 'जार खिदे पेयेछे' असे होते. दोन्ही टोकांची विभक्ती ज्या त्या वाक्यातील क्रियापदाप्रमाणे स्वतंत्रपणे ठरते, हा नियम मात्र दोन्ही भाषांत समान आहे.

तिसरा फरक आदराचा आहे आणि तो सर्वांत फसवा आहे. मराठीत वडीलधाऱ्यांसाठी 'जे काल आले होते, ते माझे शिक्षक' असे अनेकवचन योजतात. पण तोच 'जे' बंगालीत बरोबरीच्या किंवा लहान व्यक्तीसाठी असतो, त्यामुळे आदर दाखवण्याच्या हेतूने उच्चारलेला शब्द तेथे अनादराचा ठरतो. बंगालीत म्हणावे लागते: 'जिनि काल एशेछिलेन, तिनि आमार शिक्खोक'. षष्ठीत तर 'जार' आणि 'जाँर' यांत केवळ एका चंद्रबिंदूचे अंतर असते आणि सारा आदर त्या अनुनासिकात सामावलेला असतो. नामाच्या आधी विशेषणासारखे येणारे 'जे' तेवढे बदलत नाही. 'जे डाक्तार धन्तोलिते थाकेन, तिनि…' या रचनेत आदर क्रियापदात आणि 'तिनि'मध्ये दिसतो.

तरीही मराठी शिकणाऱ्याची खरी अडचण सर्वनामांत नसते. ती त्याच्या स्वतःच्या भाषिक सवयीत असते. मराठीला '–लेला' आणि '–णारा' या प्रत्ययांनी होणारी धातुसाधित विशेषणे, म्हणजे क्रियापदापासून बनलेली विशेषणे, इतकी सहज उपलब्ध आहेत की 'जो–तो' रचनेचे पुष्कळसे काम त्यांनीच उचलले आहे. 'रमाने लिहिलेले पत्र' याला बंगालीत 'रमार लेखा चिठि' अशी समांतर रचना आहे आणि तेथे कर्ता षष्ठीत जातो. '–णारा' या प्रत्ययाला मात्र इतक्या सर्रास चालणारा जोडीदार बंगालीत नाही. 'चोलोन्तो ट्रेन' म्हणजे चालती गाडी, 'घुमोन्तो शिशु' म्हणजे झोपलेले मूल, अशी थोड्या धातूंपुरती मर्यादित रूपे सोडली तर बहुतेक ठिकाणी पूर्ण गौण वाक्यच करावे लागते. 'रोज हावड्याला जाणारी गाडी' ही 'जे ट्रेनटा रोज हाओड़ा जाय, शेटा' अशी उलगडावी लागते. म्हणून शिकणाऱ्याने मनातील मराठी वाक्य आधी 'जो–तो' रचनेत मांडावे आणि मगच ते बंगालीत न्यावे, ही पद्धत सर्वांत उपयुक्त ठरते.

बंगाली 'जे' आणखी एक काम करते: 'आमि जानि जे शे आशबे', म्हणजे 'मला माहीत आहे की तो येईल'. आजच्या मराठीत येथे फारसीतून आलेला 'की' येतो. पण पेशवेकालीन पत्रांतील 'विनंती ऐसीजे' या शब्दांत तोच जुना 'जे' आहे, म्हणजे 'विनंती अशी की'. मराठीने जो प्रयोग मागे टाकला, तो बंगालीच्या रोजच्या बोलण्यात जिवंत आहे.

यामुळे बंगालीचा हा पाठ मराठीचाही पाठ होतो. 'शासनाने गतवर्षी मंजूर केलेल्या योजनेतून बांधण्यात आलेल्या इमारतीत राहणाऱ्या कुटुंबांना' अशी विशेषणांची उतरंड रचणाऱ्या आजच्या लेखकाला तेच वाक्य बंगालीत नेताना थांबावे लागते, कोणी काय मंजूर केले, कोणी काय बांधले आणि कोण कोठे राहते हे निरनिराळे सांगावे लागते, आणि त्यासाठी जो 'जो' तो विसरत चालला होता, त्यालाच पुन्हा हाक मारावी लागते.